पुडी सापडली, पुढं काय?

समजा, रंकाळ्यावर गप्पा मारत बसलेल्या चौघांपैकी एकाच्या खिशात गांजाची पुडी सापडली. पोलिस आले, पंचनामा झाला. आता गडी थेट कळंबा जेलमध्ये, असंच आपल्याला वाटतं. पण ज्या कायद्याखाली त्याला धरलं, त्याच कायद्यात दवाखान्याकडं जाणारे दोन दरवाजे आहेत.

हा कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस. पहिला दरवाजा कलम ६४-अ चा. व्यसन जडलेली व्यक्ती सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकली आणि स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेली, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. दुसरा दरवाजा कलम ३९ चा, तो दोषी ठरल्यावर उघडतो. वय, पूर्वीचं वागणं, तब्येत पाहून न्यायालय संबंधिताच्या संमतीनं त्याला बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकतं. जास्तीत जास्त वर्षभरात उपचाराचा अहवाल कोर्टापुढं ठेवायचा. तो समाधानकारक असेल, तर समज देऊन सुटका. पण पुढं तीन वर्षांपर्यंत बंधपत्र पाळायचं.

‘अल्प प्रमाण’ म्हणजे किती? गांजा १ किलोपर्यंत, हेरॉईन ५ ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोन फक्त २ ग्रॅम. त्यापुढं गेलात, तर हे दोन्ही दरवाजे बंद. एमडी आपल्यापासून लांब आहे, असं समजू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांचा तपास कुरकुंभ एमआयडीसीतून सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आला होता.

आरोपी १८ वर्षांखालचा असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मंडळ व्यसनमुक्ती उपचारांचा आदेश देऊ शकतं. म्हणजे अकरावी-बारावीतल्या पोरांसाठी हा रस्ता आधीपासूनच आहे.

मग अडतंय कुठं? एक म्हणजे, दंडाचा मोह. गांजा ओढल्याबद्दल शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर्षभर उपचार, अहवाल, बंधपत्र यापेक्षा गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं होणं सोपं वाटतं. पण दोषी असल्याचा शिक्का राहतो आणि व्यसनही तिथंच राहतं. नोकरीच्या वेळी पोलिस पडताळणी आली, की तो स्वस्त सौदा महागात पडतो.

दुसरं म्हणजे, ही सवलत मागावी लागते. ज्याच्या घरचे चांगला वकील देऊ शकतात, त्याला ती कळते. बांधकामावर राबणाऱ्या बापाच्या पोराला कोण सांगणार? कायदा दोघांना एकच, पण दरवाजा दिसतो एकालाच.

तिसरी अडचण उपचारांचीच. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून काम करतंय, पण प्रत्येक जिल्ह्यात मुक्तांगण नाही. शिवाय व्यसन सुटताना पाय घसरतो, पुन्हा सावरावं लागतं. कोर्टाला मात्र ठरलेल्या मुदतीत अहवाल हवा असतो. अमेरिकेत १९८९ साली मायामीत सुरू झालेल्या ड्रग कोर्टात न्यायाधीश आरोपीला वारंवार समोर बोलावून प्रगती पाहतात. आपल्याकडं अशी पाठपुराव्याची व्यवस्था उभी राहायला हवी.

ही विकणाऱ्यांना सूट नव्हे. मजा म्हणून एकदा ओढणाऱ्यालाही हे आपोआप लागू होत नाही. कलमांत शब्द ‘व्यसनी’ असाच आहे. पण आपल्या ग्रुपमधला एखादा मित्र खरंच अडकला असेल, तर पोलिसांची वाट कशाला बघायची? १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. हा दरवाजा उघडायला ना वकील लागतो, ना कोर्ट.