शोभेच्या हौदांतील ऑस्कर मासा

अलीकडे आपल्या ताडकळस भागांत बऱ्याच शेतकऱ्यांच्या बैठकींत शोभेच्या माशांचा कांचेचा हौद दिसूं लागला आहे. मुलांच्या या हौसेस आमचा विरोध नाहीं. आक्षेप आहे तो ऑस्कर नांवाच्या माशास इतर लहान माशांबरोबर एकाच हौदांत सोडण्यास, आणि त्याहून अधिक, पुढें त्याची विल्हेवाट लावण्याच्या रीतीस.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतला. विकत मिळतो तेव्हां दोन-तीन इंचांचा व गोजिरवाणा असतो. पूर्ण वाढल्यावर फूटभर होतो. मांसाहारी असल्यामुळें तोंडांत मावेल तो मासा गिळतो. जोडी जमली कीं अंड्यांच्या राखणीसाठीं नर व मादी दोघेंही इतरांस जवळ फिरकूं देत नाहींत. तळची वाळू उकरणें, वनस्पती उपटणें हा तर नित्याचा उद्योग. आमच्या नातवानें असें एक पिलूं गप्पी माशांच्या हौदांत सोडलें. सर्व एकत्र नांदतात, असें दुकानदारानें सांगितलें होतें. दिवाळीस आणलेल्या गप्पींपैकीं संक्रांतीस एकही उरला नव्हता. अशा एका माशास निदान 300 लिटर पाणी हवें. आपल्याकडचे बहुतेक हौद त्याच्या निम्म्याचेही नसतात, आणि त्याच्या विष्ठेनें पाणी लवकर नासतें. वासरांच्या दावणीस वळू बांधणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं. मग येथेंच हा अविचार कां?

खरी धास्ती पुढची आहे. हौद पुरेनासा झाला कीं मालक दयाबुद्धीनें मासा शेततळ्यांत अगर विहिरींत सोडतो. शेततळ्यांत रोहू-कटल्याची बोटुकली असते. हे मासे सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. म्हणून बीज दर खेपेस विकत घ्यावें लागतें, आणि तेंच या पाहुण्याचें भक्ष्य होतें. याच कुळांतला आफ्रिकेचा तिलापिया 1952 सालीं भारतांत आणला गेला. तो तळ्यांतच वरचेवर वितो, मादी पिलें तोंडांत सांभाळते. तळीं खुरट्या माशांनीं भरूं लागलीं, आणि 1959 सालीं त्याच्या प्रसारास आळा घालावा लागला. उजनी जलाशयांत तर हौदाची कांच साफ ठेवण्यासाठीं विकला जाणारा, दक्षिण अमेरिकेचाच, सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत सांपडतो व त्याच्या कांट्यांनीं जाळीं फाटतात.

ज्यांस ऑस्करच हवा, त्यांनीं तो मोठ्या हौदांत एकटा ठेवावा. नकोसा झाल्यास दुकानदारास परत द्यावा, पाण्यांत सोडूं नये. दुकानदारांनींही तो परत घेण्याची बोली विकतांनाच करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. आमचा मासा सध्यां गुरांच्या जुन्या सिमेंटच्या हौदांत आहे. दुकानदार तो परत घेण्यास अद्याप राजी झालेला नाहीं.