खेडे लहान, म्हणून न्यायी नव्हे

ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद केले. निमित्त, नाझी सलामी न देणाऱ्या जर्मन कामगाराचे १९३६ चे छायाचित्र! त्याच सुमारास बहुजन लेखकांशी ट्विटर जातीयवादी पक्षपात करते, असाही आरोप झाला. नोव्हेंबरात अनेक भारतीयांनी 'मॅस्टोडॉन'ची वाट धरली. २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर ४४ अब्ज डॉलरला घेतल्यावर जगभरातून तसाच लोंढा गेला. बरेच जण परतलेही.

मॅस्टोडॉनला एकच मालक नाही. सर्व्हर अनेक, प्रत्येकाचा चालक आणि नियम वेगळे. तरी एकमेकांशी बोलता येते.

या विकेंद्रीकरणाचे गोडवे गाणाऱ्यांनी बाबासाहेबांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे संविधान सभेतील भाषण आठवावे. ग्रामव्यवस्थेच्या भक्तांना त्यांनी तेथे खडसावले होते. लहान सर्व्हरचेही खेड्यासारखेच. चालक मनात येईल त्याला हाकलू शकतो, अख्ख्या दुसऱ्या सर्व्हरवर बहिष्कार टाकू शकतो. अपीलही त्याच्याकडेच!

फरक एक, पण मोठा. हे गाव सोडता येते. खाते चालू असेपर्यंत फॉलोअर नव्या सर्व्हरवर नेता येतात. जुने लेखन मात्र मागेच राहते.

म्हणून नुसते स्थलांतर पुरेसे नाही. स्वतःचा सर्व्हर, वर्गणीतून खर्च, जातिवाचक शिवीगाळीविरुद्ध लेखी नियम आणि हाकलण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी हवी. बाबासाहेबांनी १९२० साली स्वतःचे 'मूकनायक' काढले. आपण अजून दुसऱ्याच्या घरात भाडेकरू का?