किल्ली काढली की बटण बंद!
अमेरिकेतल्या माझ्या भाच्यानं गॅरेजच्या दाराचा रिमोट गाडीच्याच वायरिंगला जोडून टाकलाय. सेल बदलायची कटकट नको म्हणे! पण गाडी रात्रभर गॅरेजबाहेर उभी. काच फोडून बटण दाबलं की चोर गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात! सुटा रिमोट निदान पर्समध्ये टाकून आत नेता तरी येतो. भाचा कामासाठी बाहेरगावी गेला की घरात दोन पोरांसह सूनबाई एकटी. तिला विचारलं कुणी? जोडायचंच तर किल्ली फिरवल्यावरच वीज येईल, अशा वायरला जोडावं. आणि हो, गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, त्याचा रिमोट ३ व्होल्टचा. मध्ये व्होल्टेज उतरवणारं सर्किट नसेल तर रिमोट जळायचाच. गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराला रात्री कडी मात्र हवीच, वायर कुठेही जोडा.