छातीवरचा ध्वज आणि कोरेगावचा स्तंभ

विलायतेत नोव्हेंबर महिन्यात लोक युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी छातीवर लाल पॉपीचं फूल लावतात. आपल्याकडे ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वज दिनी, छोटा कागदी ध्वज लावतात. १९४९ पासूनची ही प्रथा. आमचं नगर तर रणगाड्यांचं, लष्कराचं शहर. आदल्याच दिवशी बाबासाहेबांना अभिवादन केलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी हा ध्वजही मनापासून लावतो, निधीही देतो. सैनिकाच्या कुटुंबाला त्यातून मदत होते.

पण त्या ध्वजाची टाचणी टोचते ती १ जानेवारीला. नगर-पुणे रस्त्याने कोरेगाव भीमाला निघालो, की महिनाभरापूर्वी तोच ध्वज लावलेले लोक विचारतात, "इंग्रजांच्या विजयाला कसली मानवंदना देता?"

मित्रांनो, त्यांना उलट विचारा : दिल्लीचं इंडिया गेट कुणाचं? इंग्रजांच्या फौजेत लढून मेलेल्या हिंदी सैनिकांचंच ना? १९३१ साली त्याचं उद्घाटनही इंग्रजांनीच केलं. त्या सैनिकांना कुणी देशद्रोही म्हणत नाही, म्हणूही नये. मग कोरेगावच्या स्तंभावरची ‘नाक’ने संपणारी २२ नावंच का खुपतात?

इंग्रजांचे गोडवे आम्ही गात नाही. महारांची लष्करभरती १८९२ साली त्यांनीच बंद केली. १९२७ साली बाबासाहेब स्तंभापुढे उभे राहिले ते आपल्या माणसांसाठी.

ध्वज जरूर लावा. पण मेलेल्या सैनिकाची जात पाहून मान झुकवणार असाल, तर तो ध्वज नुसता कागद आहे.

जय भीम!