परवान्यापूर्वी वस्तीला विचारा

नांदेड-लातूरसारख्या शहरांत एखाद्या वस्तीत मोठे हॉटेल होणार अशी वार्ता आली की रहिवाशांत दोन तट पडतात. रिक्षावाले, पानटपरीवाले धंद्याच्या आशेने खूश होतात. नळावर पाळी लावणाऱ्या स्त्रिया मात्र पाण्याचे काय, असे विचारतात. हा प्रश्न अडाणीपणाचा समजू नये. २०१६ साली लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस पाच लाख लिटर. पैसेवाल्याने तेव्हाही टँकर विकत घेतलाच!

खोल्या किती, विंधनविहीर किती खोल, सांडपाणी कोठे सोडणार, हे वस्तीला आधी कळले पाहिजे. वॉर्डातील दारूचे दुकान मतदानाने बंद करण्याचा अधिकार स्त्रियांना आहे. त्यांच्या बोअरचे पाणी ओढणाऱ्या इमारतीबद्दल त्यांना कोणी पुसत नाही. महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात क्षेत्रसभा आणली, ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. कार्यकर्त्यांनी हॉटेलला सरसकट विरोध करण्यापेक्षा ही सभा भरविण्याचा आग्रह धरावा. रोजगाराचे आश्वासनही मालकाने तेथेच द्यावे. स्थानिक माणसे किती घेणार आणि पगार किती देणार, या आकड्यांसह.