तारेमागचा आश्रय

१९७९ साली मलेशियाने व्हिएतनामी निर्वासितांच्या होड्या समुद्रात परत लोटल्या, तेव्हा ब्रिटिशांच्या हाँगकाँगने बंदर उघडे ठेवले. हे श्रेय त्या सरकारला दिलेच पाहिजे. परंतु २ जुलै १९८२ पासून नवागतांना बंदिस्त छावण्यांत ठेवण्यात आले. १२ डिसेंबर १९८९ च्या पहाटे ५१ जणांची बळाने हनोईला रवानगी झाली. त्यांत २६ मुले होती. व्हाइटहेडच्या छावणीत कित्येक मुले तारेच्या कुंपणाआडच वाढली. शहरात जागा अपुरी होती, हे खरे. पण ज्याने गुन्हा केला नाही त्याला कोंडणे, यास आश्रय कसे म्हणावे? आपले पूर्वजही जहाजातूनच या बेटावर उतरले. दारी आलेल्याला माणूस म्हणून वागवावे, एवढे तरी आपण मुलांना शिकवू या.