जरा बूट काढून बसा!

शीर्षक देवळाबाहेरच्या पाटीसारखं वाटेल, पण लिहायचंय ते आपल्या वार्षिक मेडिकल चेकअपबद्दल. वजन, उंची, बी.पी., बोटातून थेंबभर रक्त, की 'नेक्स्ट!' तीन वर्षांत मला एकदाही कुणी बूट काढायला सांगितलं नाही. (मोज्यांचा वास हे कारण असेल तर डॉक्टरांना माफ आहे.)

हे सुचायचं कारण आमचे मेसचे मामा. गेटवरून भाजीची पिशवी घेऊन निघाले की लायब्ररीपाशी थांबायचे आणि नोटीस बोर्डाकडे बघत उभे राहायचे. दोन मिनिटांनी परत चालू. मामांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे आम्ही 'काय मामा, केटी लागली का?' म्हणून खेचायचो. खरं म्हणजे तेवढं चाललं की त्यांची पोटरी आवळून यायची आणि उभं राहिलं की सुटायची. दोन ठिकाणी दाखवलंही होतं. दोन्हीकडे पँट वर न करताच 'नस दबलीय' म्हणून गोळ्या मिळाल्या. पुढे पायाचं बोट काळं पडलं, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेतला. घोट्यापाशी नाडीच नव्हती! बोट काढावं लागलं.

एफएममध्ये आपण पॉइझुलीचं समीकरण घोकतो. त्रिज्या निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा. शरीरातल्या धमन्या काही आपल्या लॅबमधले सरळ पाइप नाहीत, आजूबाजूच्या लहान वाहिन्या थोडा भार उचलतात. म्हणून बसल्याजागी भागतं. चालायला लागलं की स्नायूंची मागणी वाढते, पुरवठा वाढत नाही आणि पोटरी बोंब मारते. मणक्यात नस दबली असेल तर नुसतं उभं राहून सहसा आराम पडत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. एवढा एक प्रश्न विचारला असता तरी मामांचा घोळ टळला असता.

आणि तपासणीला लागतं काय? दोन्ही पाय उघडे करून शेजारी-शेजारी बघायचे: रंग, केस, जखमा. हाताच्या मागच्या बाजूने कुठला गार आहे ते पाहायचं. मग नाड्या चार ठिकाणी: जांघेत, गुडघ्यामागे (ही भल्याभल्यांना सापडत नाही), आतल्या घोट्याच्या मागे आणि पावलावर. अंगठा वर उचलला की पावलावर एक दोरी ताणलेली दिसते, तिच्या बाहेरच्या बाजूला. आत्ताच बघा. नाही लागली तर लगेच घरी फोन करू नका, काही धडधाकट माणसांतही ती लागत नाही. मग घोट्यामागची बघायची. शंका असेल तर आडवं झोपवून पाय ४५ अंशांवर मिनिट-दोन मिनिटं धरायचे. रक्त कमी पोचत असेल तर पाऊल पांढरं पडतं आणि खाली सोडलं की हळूहळू लालभडक होतं. ही बर्गरची चाचणी.

बर्गर कँटीनमधला नव्हे. लिओ बर्गर या डॉक्टरांनी १९०८ साली तंबाखू ओढणाऱ्यांच्या धमन्या बंद पाडणारा आजार सविस्तर मांडला. तो म्हातारपणाची वाट बघत नाही, पंचेचाळिशीच्या आतच गाठतो. रात्री टपरीवर 'एकच कश' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

कुणी म्हणेल, हाताचं काय खरं, मशीन आणा. आणा की! घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, ०.९ किंवा त्याखाली आलं तर गडबड. पण जुन्या शुगरवाल्यांच्या धमन्या कडक होतात आणि हाच आकडा फसवा, चढा येतो. म्हणजे पाय बघणं काही सुटत नाही.

या वेळच्या कॅम्पसाठी रेक्टर सरांना अर्ज लिहिलाय. एक बाक, एक पडदा आणि मेस, सिक्युरिटी, बागकाम इथल्या प्रत्येक माणसासाठी पाच मिनिटं जास्तीची. अर्ज मेसच्या काउंटरवर मामांकडे आहे. सही करायला या, सिगरेट बाहेर विझवून.